पंगत उठली आणि पुन्हा बसली: हार्वर्डच्या मेमोरियल हॉलचं प्रकरण

जुन्या इमारतींच्या जतनाचा विषय शिकवताना मी पहिल्याच तासाला एक नकाशा फळ्यावर लावतो. नाव सांगत नाही. लांबलचक मुख्य दालन, त्याला छेदून जाणारं आडवं दालन, त्या आडव्या दालनावर मनोरा आणि पलीकडच्या टोकाला गोलाकार भाग. पोरं हमखास म्हणतात, "सर, हे चर्च आहे."

मग मी सांगतो की मुख्य दालन म्हणजे मेस आहे. गोलाकार भागात नाट्यगृह आहे. वेदी कुठेच नाही. वर्ग हसतो, आणि तासाला सुरुवात होते.

ही इमारत अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज गावात, हार्वर्ड विद्यापीठाच्या आवारात आहे. नाव मेमोरियल हॉल. प्रकरण थोडक्यात असं: १८७४ मध्ये इथे विद्यार्थी जेवायला बसले, पन्नासेक वर्षं जेवले, मग उठून गेले. पुढची सत्तर वर्षं या अवाढव्य दालनाचं काय करायचं हे कुणाला कळेना. १९९६ मध्ये पुन्हा जेवणं सुरू झाली, ती आजवर चालू आहेत. मधल्या काळात मनोरा जळाला आणि ४३ वर्षं तसाच राहिला. इमारत तीच, दगडविटा त्याच. मग ती एकदा लाडकी, एकदा नकोशी आणि पुन्हा लाडकी कशामुळे झाली, हा प्रश्न.

युद्ध, कापूस आणि दोन मनोरे

१८६१ ते १८६५ या अमेरिकेच्या यादवी युद्धात हार्वर्डचे माजी विद्यार्थी दोन्ही बाजूंनी लढले. युद्ध संपलं त्याच वर्षी उत्तरेच्या बाजूच्या माजी विद्यार्थ्यांनी बोस्टनमध्ये समिती नेमली. स्मारक हवं यावर एकमत होतं, कसलं हवं यावर नव्हतं. नुसता स्तंभ उभारावा की उपयोगाची वास्तू बांधावी? शेवटी एकाच छपराखाली तीन गोष्टी बसवायचं ठरलं: मृतांसाठी स्मृतिदालन, माजी विद्यार्थ्यांच्या मेजवान्यांसाठी मोठं सभागृह आणि पदवीदानासाठी नाट्यगृह. नाट्यगृहासाठी चार्ल्स सँडर्स या जुन्या विद्यार्थ्याने मृत्युपत्रात पैसे ठेवले होते, म्हणून ते सँडर्स थिएटर. बाकी वर्गणी माजी विद्यार्थ्यांनी गोळा केली, ३ लाख ७० हजार डॉलर. तेव्हाच्या हार्वर्डच्या एकूण गंगाजळीच्या बाराव्या हिश्शाएवढी ही रक्कम होती.

जागा मिळाली ती 'डेल्टा' नावाच्या तिकोनी तुकड्यावर, म्हणजे पोरांच्या खेळाच्या मैदानावर. स्मारकासाठी मैदान गेलं, हे वाचताना आपल्याला फारसं नवल वाटू नये. कोनशिला १८७० मध्ये बसली. सभागृह आणि स्मृतिदालन १८७४ ला खुलं झालं, नाट्यगृह त्यामागोमाग, मनोरा १८७७ ला. १८७८ मध्ये समितीने सगळी वास्तू विद्यापीठाच्या हवाली केली.

या तारखा वाचताना मुंबईकराला काहीतरी आठवायला हवं. फोर्टातल्या मुंबई विद्यापीठाचं पदवीदान सभागृह १८७४ चं, आणि राजाबाई टॉवर पुरा झाला तो १८७८ मध्ये. शैलीही तीच, व्हिक्टोरियन गॉथिक. इथवर योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण पैशाचा माग काढला की गंमत वाटेनाशी होते. यादवी युद्धात उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि भाव चढले ते आपल्या वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाचे. त्या तेजीत प्रेमचंद रायचंद गब्बर झाले आणि त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी व मनोऱ्यासाठी देणगी दिली. मनोऱ्याला आईचं नाव दिलं. म्हणजे एकाच युद्धातून दोन विद्यापीठांत दोन गॉथिक मनोरे उभे राहिले. एक मेलेल्यांच्या आठवणीसाठी, दुसरा त्या युद्धाने वाढवलेल्या भावातून.

जेवायला जाताना वाटेत १३६ नावं

वास्तुरचनाकार विल्यम रॉबर्ट वेअर आणि हेन्री व्हॅन ब्रंट, दोघंही हार्वर्डचेच. वेअर हे पुढे नाव झालेलं व्यक्तिमत्त्व: अमेरिकेतलं पहिलं वास्तुकला विद्यालय त्यांनी एमआयटीत सुरू केलं. बाहेरून इमारत लाल विटांची, मधूनमधून काळ्या विटांचे पट्टे, फिकट वालुकाश्माच्या कडा, छपरावर रंगीबेरंगी स्लेटच्या पाट्यांची नक्षी. एकरंगी, शांत इमारती आवडणाऱ्याला ती पहिल्या नजरेत अंगावर येते. मलाही आली होती.

नकाशातली खरी चलाखी आडव्या दालनात आहे. मेस आणि नाट्यगृह यांच्या मधोमध स्मृतिदालन ठेवलंय. जेवायला जा नाहीतर नाटकाला, वाट त्यातूनच. उंच लाकडी छत, अक्रोडाच्या लाकडाचे तक्ते आणि त्यांत बसवलेल्या पांढऱ्या संगमरवराच्या २८ पाट्या. पाट्यांवर उत्तरेच्या बाजूने लढताना मेलेल्या १३६ हार्वर्डकरांची नावं, मृत्यूची तारीख आणि ठिकाण. रॉबर्ट गूल्ड शॉ यांचं नाव तिथे आहे. कृष्णवर्णीय सैनिकांच्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचे ते प्रमुख, १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅग्नरवरच्या हल्ल्यात पडले. दक्षिणेकडून लढून मेलेल्यांची नावं नाहीत. ती घालावीत का, यावर नंतर अनेकदा वाद झाले. पाट्या १३६ वरच थांबल्या.

आता मुख्य दालन. क्षेत्रफळ सुमारे ९,००० चौरस फूट. छताकडे पाहिलं की लाकडी कैच्यांची, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या चौकटींची, रांग दिसते. या प्रकाराला हॅमरबीम म्हणतात. युक्ती मध्ययुगीन इंग्लंडमधली आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत पुरेल एवढी लांब तुळई मिळत नसे, म्हणून दोन्ही भिंतींतून आखूड तुळया हातासारख्या पुढे काढायच्या, त्यांना खालून कमानीचा टेकू द्यायचा, त्या तुळयांच्या टोकावर खांब उभे करायचे आणि वरचं छप्पर त्यांवर तोलायचं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चौदाव्या शतकाच्या अखेरीस याच युक्तीने सुमारे ६८ फुटांचं अंतर मधे एकही खांब न घेता पार केलं. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चच्या भोजनगृहाचं छप्परही याच घराण्यातलं.

मेमोरियल हॉलचं दालन साठेक फूट रुंद आहे. १८७० मध्ये लोखंड मुबलक होतं आणि आगगाडीच्या स्थानकांवर याहून मोठे गाळे झाकले जात होते. म्हणजे इथली लाकडी कैची ही गरज नव्हती, हौस होती. आपलं कॉलेज इंग्लंडच्या ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या गोतावळ्यातलं आहे, हे छपराने सांगायचं होतं. ही हौस मला खटकत नाही. कैच्यांमधलं निळं, स्टेन्सिलच्या नक्षीचं छत पाहिलं की वाद घालायची इच्छाच राहत नाही.

खिडक्यांच्या रंगीत काचा एकदम आल्या नाहीत. वेगवेगळ्या वर्षांच्या तुकड्यांनी आपापल्या मृतांच्या आठवणीत एकेक खिडकी दिली, तसं काम दोनेक दशकं चाललं. त्यातली युद्धाची खिडकी जॉन ला फार्ज यांची. ला फार्ज यांनी दुधाळ, ढगाळ रंगांच्या काचेचं पेटंट १८८० मध्ये घेतलं होतं. जुन्या पद्धतीत साध्या रंगीत काचेवर रंगाने छटा काढत. त्यांनी काचेतच छटा ओतल्या. दुपारी ऊन त्या बाजूला आलं की सैनिकाच्या कपड्यांच्या घड्या रंगवलेल्या नाहीत, काचच तिथे जाड-पातळ आहे, हे दिसतं. सेरा वायमन व्हिटमन या चित्रकर्तीच्याही खिडक्या या इमारतीत आहेत. त्या काळात बाईला एवढं मोठं सार्वजनिक काम मिळणं नेहमीचं नव्हतं.

मेस म्हणून

सभागृह बांधलं होतं माजी विद्यार्थ्यांच्या समारंभी मेजवान्यांसाठी. वर्षातून मोजके दिवस. पण त्याच सुमारास विद्यार्थ्यांची मेस जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत दाटीवाटीने चालली होती आणि शेजारी हे दालन रिकामं. उघडल्या वर्षीच पोरं इथे जेवायला आली. स्मारक समितीच्या डोक्यात जे दुय्यमही नव्हतं, ते काम पहिल्या दिवसापासून मुख्य झालं.

कारभार हार्वर्ड डायनिंग असोसिएशनकडे होता, त्यात विद्यार्थ्यांचेच प्रतिनिधी. आपल्याकडच्या वसतिगृहातल्या मेस कमिटीसारखंच: नफा नाही, जेवढा खर्च तेवढी वर्गणी, आणि आठवड्याच्या हिशोबावरून कायमची कुरबुर. टेबलं दोन प्रकारची. 'क्लब टेबल' म्हणजे मित्रांच्या टोळक्याने राखून ठेवलेलं, आणि 'जनरल टेबल' म्हणजे मिळेल तिथे बसा. वाढपी बहुतेक कृष्णवर्णीय. भिंतींवर तसबिरी, अर्धपुतळे, आणि गॅलरीत पाहुणे. शेकडो पोरं एका वेळी जेवताना कशी दिसतात हे बघायला लोक खरोखर येत. ज्यांचं जेवण बघितलं जात होतं त्यांना ते आवडत असेल असं वाटत नाही.

१९१० मध्ये गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी 'विसुद्धिमग्ग' या पाली बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला पोहोचले, तेव्हा ही पंगत चालू होती. त्यांचे चिरंजीव दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले, तोवर ती उठून गेली होती. एका मराठी घराच्या दोन पिढ्यांच्या मधे हा बदल झाला.

पंगत का उठली

सोपं उत्तर असं की जेवण वाईट होतं. मेसचं जेवण कुठे चांगलं असतं? त्याने मेस बंद पडत असती तर पुण्यातल्या अर्ध्या मेस पहिल्याच सत्रात मिटल्या असत्या.

माझ्या मते कारण हिशोबात आहे. सगळ्यांसाठी एकच आठवड्याचा दर आणि पोटभर जेवण, ही व्यवस्था दालन गच्च भरलेलं असेल तरच परवडते. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत विद्यार्थी कित्येक पटींनी वाढले. आधी जागा अपुरी पडू लागली, म्हणून १८९९ मध्ये जवळच रँडल हॉल उघडला. तिथे जेवढं घ्याल तेवढ्याचे पैसे. ज्याला खर्च सांभाळायचा होता तो तिकडे गेला. पैसेवाली पोरं आधीच माउंट ऑबर्न स्ट्रीटवरच्या खासगी वसतिगृहांत आणि आपापल्या क्लबांत जेवत होती. उरलेल्यांना पुढे हार्वर्ड स्क्वेअरमधल्या कॅफेटेरियांनी ओढलं. स्वस्तवाले एका दारातून गेले, श्रीमंत दुसऱ्या दारातून, आणि मधल्यांच्या वर्गणीवर अवाढव्य दालन चालवायची वेळ आली. विसाच्या दशकाच्या मध्यावर ते बंद झालं.

एवढ्यावर थांबलं असतं तर दालन परत उघडलंही असतं. पण १९३० च्या सुमारास अध्यक्ष लोवेल यांनी एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून 'हाउस' पद्धत आणली. विद्यार्थी काही शे जणांच्या गटांत राहतील आणि प्रत्येक हाउसचं स्वतःचं भोजनगृह असेल. पहिल्या वर्षाची पोरं हार्वर्ड युनियनमध्ये जेवू लागली. युनियन म्हणजे मॅकिम, मीड अँड व्हाइट या वास्तुरचनाकारांनी १९०१ मध्ये बांधलेली वास्तू, तिचंही दालन देखणं होतं. म्हणजे मेमोरियल हॉलकडून जेवण काढून घेतलं गेलं एवढंच नाही, ते दुसरीकडे कायमचं वाटून टाकलं गेलं. हा दुसरा निर्णय पहिल्यापेक्षा जास्त निर्णायक होता, आणि तो या इमारतीचा विचारही न करता घेतला गेला.

मधली सत्तर वर्षं

वर परीक्षा, नावनोंदणी, नाचगाण्याचे कार्यक्रम. कैच्यांखाली पोरं घाम पुसत पेपर लिहीत. तळघरात मात्र वेगळंच चाललं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

दुसऱ्या महायुद्धात तिथे ध्वनी आणि श्रवण यांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा सुरू झाली. हंगेरीहून आलेले गेऑर्ग फॉन बेकेशी १९४७ पासून तिथे काम करू लागले. कानातल्या शंखाकृती भागात आवाजाची लहर कशी प्रवास करते, या शोधासाठी त्यांना १९६१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांची प्रयोगातली कबुतरंही याच तळघरात चोची मारत होती. ज्या इमारतीला विद्यापीठाने जवळजवळ अडगळ ठरवलं, तिच्या पोटात मानसशास्त्राचा एक मोठा कालखंड घडला. अडगळीच्या जागेत कुणी भाडं विचारत नाही, हेही त्यामागचं एक कारण असावं.

सप्टेंबर १९५६ मध्ये दुरुस्तीचं काम चालू असताना मनोऱ्याला आग लागली. वरचं लाकडी छप्पर, १८९७ मध्ये बसवलेलं घड्याळ, सगळं गेलं. खालचं दालन वाचलं. मनोरा पुन्हा बांधायला हवा असं म्हणणारे होते, पैसे टाकणारे नव्हते. काळही उलटा होता. साध्या, बिननक्षीच्या आधुनिक इमारतींचे पुरस्कर्ते वॉल्टर ग्रोपियस हार्वर्डमध्ये पंधरा वर्षं वास्तुकला शिकवून गेले होते. १९५० मध्ये त्यांच्या कार्यालयाने बांधलेल्या ग्रॅज्युएट सेंटरमध्ये नवं भोजनगृह झालं, सपाट छताचं, भिंतीवर होआन मिरोचं चित्र. अशा हवेत रंगीत विटांचा गॉथिक मनोरा नव्याने बांधणं म्हणजे आजोबांचा फेटा बांधून ऑफिसला जाणं. १९७० मध्ये इमारत राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा जाहीर झाली. मुंडकं उडालेला मनोरा त्यानंतरही २९ वर्षं तसाच होता. वारशाच्या यादीत नाव गेलं म्हणजे दुरुस्तीला पैसे येतात, हा गैरसमज फक्त आपल्याकडे नाही.

परत

नव्वदीच्या दशकात विद्यापीठाला मानव्यविद्येचे विखुरलेले विभाग एका छताखाली आणायचे होते. त्यासाठी हार्वर्ड युनियन हवं होतं. मग तिथे जेवणाऱ्या पहिल्या वर्षाच्या सोळाशेच्या आसपास पोरांना न्यायचं कुठे? उत्तर रस्त्यापलीकडे सत्तर वर्षं उभं होतं.

दालनाच्या डागडुजीमागे वॉल्टर ॲननबर्ग यांची देणगी होती. त्यांचा मुलगा रॉजर हार्वर्डमध्ये शिकत असताना १९६२ मध्ये गेला. दालनाला त्याचं नाव दिलं, ॲननबर्ग हॉल. युद्धात गेलेल्या १३६ पोरांच्या शेजारी आणखी एक गेलेला विद्यार्थी.

आराखडा केला रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन यांच्या कार्यालयाने. जाहिरातींच्या फलकांचं, लास वेगासच्या झगमगाटाचं कौतुक करणारी ही मंडळी. वरच्या दालनात त्यांनी हात आखडता ठेवला: साफसफाई, दुरुस्ती, छताची नक्षी पुन्हा उजळणं. वाढपी गेले, आता ट्रे घेऊन स्वतः वाढून घ्यायचं. त्यांची खरी हौस तळघरात फिटली. तिथे लोकर कॉमन्स नावाचा खाण्यापिण्याचा चौक झाला, सरकत्या अक्षरांच्या एलईडी पट्ट्यांसकट. दहाएक वर्षांत तो बंद पडला आणि तिथे विद्यार्थ्यांचा पब आला. एकाच इमारतीत, एकाच कार्यालयाने, एकाच वेळी केलेल्या दोन कामांपैकी वरचं टिकलं, खालचं नाही. विद्यार्थी लगेच म्हणतात की जुन्याला हात न लावणंच बरं. मी त्यांना एवढं सहज सुटू देत नाही. वर सोळाशे पोरांची जेवणाची सोय विद्यापीठानेच लावून दिलेली होती. खाली गिऱ्हाईक स्वतःहून यायला हवं होतं. १९२० च्या दशकात वरच्या दालनाचंही दुखणं हेच होतं.

आणि युनियन? त्याचं मोठं दालन मधे भिंती-मजले घालून विभागलं गेलं. जतन करणाऱ्यांनी कडाडून विरोध केला, उपयोग झाला नाही. एक भोजनगृह वाचवताना दुसरं कापलं. या प्रकरणात सगळ्यात अवघड गाठ मला हीच वाटते. मेमोरियल हॉलच्या यशाची गोष्ट सांगणारे बहुतेक जण ती वगळतात. युनियनचं दालन तेव्हा रोज भरत होतं, छप्परही शाबूत होतं. म्हणजे रोजचा वापर असला की इमारत वाचते, असा नियम मांडायला जावं तर हेच उदाहरण आडवं येतं. ते दालन त्याच्या वापरामुळे गेलं नाही, जागेच्या गरजेमुळे गेलं.

दालनात जेवणं सुरू झाल्यावर तीन वर्षांनी, १९९९ मध्ये, मनोरा परत उभा राहिला. घड्याळाशिवाय, १८७७ च्या मूळ आराखड्याप्रमाणे. पैसे कॅथरीन लोकर यांचे. इतिहासातला नेमका कोणता क्षण परत आणायचा? आग लागली तेव्हा मनोऱ्यावर घड्याळ साठ वर्षं होतं, हयात माणसांच्या आठवणीतला मनोरा घड्याळवालाच होता. वर्गात या एका मुद्द्यावर एक अख्खा तास जातो.

आज केंब्रिजला गेलात तर स्मृतिदालनात कुणीही जाऊ शकतं. सँडर्स थिएटरमध्ये कार्यक्रम असेल तर तिकीट काढून बसता येतं. मेसमध्ये मात्र पर्यटकांना मज्जाव आहे, दाराशी ओळखपत्र पाहतात. एकेकाळी गॅलरीतून पोरांचं जेवण बघता यायचं, आता तेही नाही. संगमरवरी पाट्या वाचत उभं राहायचं. तेवढ्यात दार उघडतं, ट्रे आणि काट्या-चमच्यांचा आवाज बाहेर येतो, पाठीवर दप्तर घेतलेला एखादा पोरगा फोनमध्ये डोकं खुपसून शॉच्या नावाखालून निघून जातो, आणि दार बंद होतं.